सोसायटीच्या हिशेबाला कॅल्क की ओन्लीऑफिस?

खजिनदार४२: मंडळी, सोसायटीचा हिशेब यंदा माझ्या गळ्यात पडलाय. ४२ फ्लॅट, मेंटेनन्स, सिंकिंग फंड, टँकरची बिलं, सगळं एकाच एक्सेल फाइलमध्ये. सोसायटीच्या कामाला चोरीचं सॉफ्टवेअर वापरायचं नाही हे ठरलेलं, म्हणून लिब्रेऑफिस कॅल्क (एक्सेलसारखंच, पण फुकट आणि ओपन सोर्स) टाकलं आणि आता माझं मत पक्कं झालंय की हेच घ्यावं. बँकेचं स्टेटमेंट सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविराम टाकलेल्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये येतं, ते कॅल्कमध्ये उघडताना आधी एक खिडकी येते, तिथे तारखेच्या कॉलमवर क्लिक करून दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगता येतो, खाते नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवता येतो म्हणजे पुढची शून्यं उडत नाहीत. गेल्या वर्षी हे कोणी बघितलंच नाही, ०३/०४ म्हणजे ३ एप्रिलला आलेले पैसे ४ मार्चला पडले, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात! दोन मीटिंगा त्यातच गेल्या.

पावतीपुस्तक: तारखेचं पटलं, पण फाइल शेवटी ऑडिटरकडेच जाणार ना? त्यांच्याकडे एक्सेल. ओन्लीऑफिस मुळातच एक्सएलएसएक्सवर, म्हणजे एक्सेलच्याच फॉरमॅटवर बेतलेलं आहे, कॅल्कचा स्वतःचा फॉरमॅट ओडीएस, त्यामुळे फाइल इकडून तिकडे फिरली की कॉलमची रुंदी, पेज ब्रेक हलू शकतात. आणि दिसायला एक्सेलसारखं, सेक्रेटरी काकूंना परत पहिल्यापासून शिकवत बसायला नको. हे पण ओपन सोर्सच आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला.

खजिनदार४२: काकूंचा मुद्दा खरा आहे, पण जुन्या फाइलमध्ये व्हीबीए मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्राम, असतील तर? ओन्लीऑफिसचे मॅक्रो जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे परत लिहा. कॅल्कमध्ये सगळे नाही पण बरेचसे व्हीबीए चालतात.

पावतीपुस्तक: ४२ फ्लॅटच्या हिशेबाला मॅक्रो कशाला लागतोय हो? फ्लॅट नंबरवरून थकबाकी शोधायला एक्सलुकअप हे एक फंक्शन पुरतं, आणि ते कॅल्कमध्ये नाही.

खजिनदार४२: आहे की! २४.८ व्हर्जनपासून, म्हणजे ऑगस्ट २०२४ ला आलं, फिल्टर आणि युनिक ही फंक्शनंही त्यातच आली. जुनं व्हर्जन बघितलं असेल तुम्ही.

जुना_लॅपटॉप: मी अजून ओपनऑफिसच वापरतो, काय वाईट आहे त्यात?

खजिनदार४२: दादा, ते सोडाच आता. २०१० मध्ये त्यातूनच लिब्रेऑफिस वेगळं निघालं आणि नवीन काम बहुतेक इकडेच झालं. अपाचे ओपनऑफिस एक्सएलएसएक्स उघडतं पण त्या फॉरमॅटमध्ये सेव्हच करत नाही, ऑडिटरला पाठवणार काय? लॅपटॉपवर लिनक्स असेल तर ग्न्युमेरिक हे स्प्रेडशीट बघा, हलकं आहे. विंडोजसाठी मात्र त्याची नवी व्हर्जन्स कधीचीच बंद झालीत. आणि कोणी फुकट मिळतं म्हणून डब्ल्यूपीएस ऑफिस सुचवू नका, ते ओपन सोर्स नाही.

पावतीपुस्तक: मग तुम्ही ऑडिटरला नक्की काय देणार?

खजिनदार४२: मूळ फाइल ओडीएस, ती सोसायटीची. ३१ मार्चनंतर त्यातूनच एक्सएलएसएक्स प्रत काढायची, पानं मोजायची, शेवटची बेरीज मूळ फाइलशी जुळवायची आणि मगच पाठवायची.

पावतीपुस्तक: इथेच गडबड होते बघा. ऑडिटर त्यांच्या प्रतीत चार नोंदी सुधारून पाठवतात, त्या मूळ फाइलमध्ये परत कोण भरणार? पुढच्या वर्षी तुम्ही नसाल, नवीन माणूस कुठली तरी एक उघडणार. मी एकच एक्सएलएसएक्स ठेवणार, तीच काकूंकडे, तीच ऑडिटरकडे. तुमची तारखेची ट्रिक मात्र घेतली, स्टेटमेंट आधी कॅल्कमध्ये उघडून मगच आत घेईन.