गावच्या स्पर्धेत रेफरीशी हुज्जत: नियमपत्रकात नेमकं काय लिहावं?

पेडणे_आयोजक
नमस्कार मंडळी. मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, आमच्या वाड्यावर सोळा संघांची आंतरगाव फुटबॉल स्पर्धा आहे. अकरा-अकराचे संघ, तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ, नॉकआउट. मैदान शेतातलंच, दोन बाजूंना मेर (शेताचा बांध), आणि प्रेक्षक मेरेवर बसतात. असोसिएशनची परवानगी काढली आहे, रेफरीही नोंदणीकृतच येणार.

अशा स्पर्धांत पेनल्टी दिली की सात-आठ जण रेफरीला घेरतात, मॅनेजर लाइन ओलांडून आत येतो आणि खेळ दहा मिनिटं बंद पडतो. यंदा ते होऊ द्यायचं नाही. नियमपत्रक छापायला जायचं आहे म्हणून विचारतो. कर्णधाराला रेफरीशी बोलायचा हक्क खरंच असतो का? यलो कार्ड कुठे संपतं आणि रेड कुठे सुरू होतं? बाकावरच्या माणसांना कार्ड दाखवता येतं का? आणि आयोजक म्हणून रेफरींसाठी आम्ही काय करायचं?

शिट्टी_फोंडा
सगळ्यात मोठा गैरसमज कर्णधाराबद्दल आहे, म्हणून आधी तेच. तिसऱ्या नियमात लिहिलंय की कर्णधाराला कोणताही खास दर्जा किंवा सवलत नाही, पण संघाच्या वागणुकीची जबाबदारी काही प्रमाणात त्याच्यावर आहे. म्हणजे दंडावर पट्टी बांधली म्हणून हुज्जत घालायचा परवाना मिळत नाही. हुज्जत घातली तर त्यालाही इतरांसारखंच यलो.

२०२४ च्या युरो स्पर्धेत मात्र एक चांगली पद्धत वापरली: मोठ्या निर्णयानंतर फक्त कर्णधाराने रेफरीजवळ यायचं, बाकीच्यांनी लांब राहायचं, न ऐकणाऱ्याला यलो. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयफॅब या संस्थेने याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. तुमच्या पत्रकात हेच घाला. कर्णधार गोलकीपर असेल तर बोलण्यासाठी मैदानातला एक खेळाडू टॉसआधीच नेमून त्याचा नंबर रेफरीला सांगायचा. पट्ट्या आयोजकांनीच द्या, एकाच रंगाच्या. जर्सीच्याच रंगाची पट्टी असेल तर गर्दीत कर्णधार ओळखूच येत नाही.

आता यलो आणि रेड. नियमाचे शब्द दोनच: बोलण्यातून किंवा कृतीतून निर्णयाला विरोध दाखवला तर यलो, अपमानकारक, शिवीगाळीची भाषा किंवा तशी कृती केली तर रेड. मैदानावर ते असं दिसतं. "रेफरी बाब, फाऊल कित्याक (का)?" हा प्रश्न आहे, त्याला कार्ड नाही. हेच वाक्य हात वर करून, वीस मीटर धावत येऊन, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हटलं तर यलो. हळू आवाजात, पण प्रत्येक शिट्टीला तेच, तरी यलो. चेंडू जमिनीवर आपटणं, लांब मारणं, उपरोधाने टाळ्या वाजवणं, हीसुद्धा कृतीतली हुज्जतच. "किती पैसे घेतलेस?" मात्र निर्णयाबद्दल नाही, माणसाबद्दल आहे. त्यात एकही शिवी नसली तरी तो अपमान आहे आणि त्याला रेड. आपल्याकडे हे वाक्य फार सहज तोंडात येतं, म्हणून पत्रकात ते स्वतंत्र लिहा.

ढकलणं, थुंकणं, मारायला धावून जाणं याला सरळ रेड. फिफाच्या शिस्तसंहितेत सामनाधिकाऱ्याशी गैरवर्तनाला किमान चार सामने आणि मारहाणीला किमान पंधरा सामने बंदी आहे, किंवा योग्य तेवढा काळ. तुमच्या स्पर्धेत एक संघ जास्तीत जास्त चारच सामने खेळणार, त्यामुळे "स्पर्धेतून बाद आणि अहवाल असोसिएशनकडे" असं लिहा.

खेळ पुन्हा कसा सुरू होतो हेही छापा, त्यावरून दुसरा वाद पेटतो. चेंडू खेळात असताना खेळाडूच्या बोलण्यावरून खेळ थांबवला तर जिथे बोलला तिथून इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल होत नाही). रेफरीला मैदानात धक्का मारला तर डायरेक्ट फ्री किक, आणि स्वतःच्या पेनल्टी बॉक्समध्ये मारला तर चक्क पेनल्टी. फाऊलची शिट्टी आधीच वाजली असेल आणि नंतर हुज्जत झाली, तर कार्ड मिळेल पण फ्री किक बदलणार नाही.

शेवटच्या शिट्टीनंतर काही करता येत नाही, हा समजही चुकीचा. हाफटाइमला आणि सामना संपल्यावरही रेफरी मैदानात असेपर्यंत कार्ड दाखवू शकतो.

बार्देसचा_कोच
वरचं सगळं बरोबर, पण कागदावर छापल्याने खेळाडू शांत होत नाही. ते सरावात घडवावं लागतं. संघांच्या बैठकीत कोचना तीन गोष्टी सांगा.

एक, सर्वांत जास्त फाऊल ज्याच्यावर होतात त्या स्ट्रायकरला कर्णधार करू नका. तो आधीच तापलेला असतो. सेंट्रल मिडफिल्डर बरा, तो बहुतेक वेळ रेफरीपासून दहा-पंधरा मीटरवर असतो.

दोन, कर्णधाराने विचारायचं ते चेंडू बाहेर गेल्यावर, रेफरीच्या बाजूने चालत, समोर उभं राहून नाही. हात खाली. एक वाक्य, एक उत्तर, मग जागेवर. समोर उभं राहिलं की रेफरीला मागे सरावं लागतं, प्रेक्षकांना ती माघार दिसते, आणि मग रेफरीकडे कार्ड काढण्यावाचून पर्याय उरत नाही.

तीन, दोन खेळाडू "ओढणारे" म्हणून ठरवा. शिट्टी वाजली की त्यांनी रेफरीकडे बघायचंच नाही, आपल्या तापलेल्या गड्याला कमरेला धरून उलट दिशेला न्यायचं. पहिल्या पाच-सहा सेकंदांत नेलं तर नेलं. नंतर बाकीचे येतात आणि घोळका होतो.

सरावासाठी पाच-पाच जणांचा दहा मिनिटांचा खेळ घ्या, कोचने मधूनमधून मुद्दाम चुकीची शिट्टी द्यायची, जो बोलेल तो दोन मिनिटं बाहेर. संघ कमी माणसांत खेळला की बाकीचेच त्याला गप्प करतात.

रेफरींनाही एक विनंती. तीस-पस्तीस मीटरवरून दिलेली पेनल्टी बरोबर असली तरी कुणाला पटत नाही, तीच दहा-बारा मीटरवरून दिली तर निम्मी हुज्जत होतच नाही. आणि "हात शरीरापासून लांब होता" एवढे चार शब्द कर्णधाराला सांगायला काहीच जात नाही.

शिट्टी_फोंडा
मुद्दाम चुकीच्या शिट्टीचा सराव मोठ्यांसाठी ठीक, पण अंडर-१४ वर करू नका. त्या वयात रेफरी मुद्दाम चुकतो हीच समजूत पक्की बसते.

अंतराचं मान्य. भर एकच घालतो: बोलावलेल्या खेळाडूला घोळक्यातून बाजूला घ्या, दोन मीटर अंतर ठेवा, कार्ड सरळ वर दाखवा, तोंडासमोर नाचवू नका. खेळाडूला हात लावू नका आणि "गप्प बस" म्हणू नका. "ऐकलं मी, आता खेळा" पुरतं. खेळाडूने आदर ठेवावा असं वाटत असेल तर अरे-तुरेची सुरुवात शिट्टीवाल्याकडून होता कामा नये.

पेडणे_आयोजक
खूप उपयोगी. बाकावरच्यांचं राहिलं. शिवाय कुणी सुचवलं की हुज्जत घालणाऱ्याला नुसत्या यलोऐवजी थोडा वेळ बाहेर बसवा, हे नियमात बसतं का? सामने फेसबुकवर लाइव्ह असतात, मोबाइलवर क्लिप दाखवून निर्णय बदला म्हणतात, त्याचं काय?

नियमवाचक_डिचोली
बाकावरच्या कोच-मॅनेजरनाही २०१९ पासून यलो आणि रेड दोन्ही दाखवता येतं. उपरोधिक टाळ्या, बाटली आपटणं, सारखं कार्ड मागण्याचे हावभाव, याला यलो. हुज्जत घालण्यासाठी जाणूनबुजून टेक्निकल एरिया (बाकाभोवतीची आखलेली जागा) सोडून बाहेर आला तर सरळ रेड. तुम्ही वर्णन केलेला मॅनेजर नेमका हाच. आणि बाकावरून शिवी आली पण दिली कोणी ते कळलं नाही, तर तिथे हजर असलेल्या मुख्य कोचला कार्ड मिळतं. हे कलम बैठकीत मोठ्याने वाचा, कोच स्वतःच बाक आवरतील.

पण त्यासाठी टेक्निकल एरिया मुळात आखलेला हवा. शेतातल्या मैदानात तो बहुतेकदा नसतोच, मग बाहेर आला म्हणजे कुठून बाहेर आला? बाकाच्या दोन्ही टोकांना एक-एक मीटर आणि पुढे टचलाइनच्या (मैदानाच्या बाजूच्या रेघेच्या) एक मीटर अलीकडेपर्यंत, चुन्याने आखा. उभं राहून सूचना देणारा एका वेळी एकच. बाकावर कोण बसणार त्यांची नावं संघाच्या यादीत आधी घ्या, नाहीतर गावातले निम्मे मॅनेजर होतात.

थोडा वेळ बाहेर बसवण्याची सोय आयफॅबच्या नियमपुस्तकात आहे, तरुण गट, व्हेटरन आणि तळातल्या (हौशी) फुटबॉलसाठी. इंग्लंडमध्ये तळाच्या स्पर्धांत २०१९-२० पासून हुज्जतीसाठी ती वापरतात, नव्वद मिनिटांच्या सामन्यात दहा मिनिटं. सूचनेप्रमाणे वेळ एकूण खेळाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे तुमच्या साठ मिनिटांत सहा ते नऊ. सहा ठेवा. खेळाडू बाहेर गेल्यावर खेळ पुन्हा सुरू होतो तेव्हापासून मोजायचं, तोवर बदली खेळाडू नाही. मात्र हे मनाने सुरू करता येत नाही, असोसिएशनची मान्यता लागते. आणि घड्याळ धरायला चौथा अधिकारी हवा. एकट्या रेफरीवर टाकलंत तर "अजून एक मिनिट आहे" यावरूनच भांडण होईल. चौथा माणूस मिळत नसेल तर साधं यलोच बरं.

मोबाइल क्लिपचं उत्तर सोपं आहे. पाचव्या नियमाप्रमाणे खेळातल्या घटनांवर रेफरीचा निर्णय अंतिम. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तो त्याला स्वतःलाही बदलता येत नाही. पत्रकात लिहा: "तक्रार फक्त खेळाडूच्या पात्रतेबद्दल, लेखी, ठरलेली फी भरून. गोल, ऑफसाइड, पेनल्टी यांवर तक्रार घेतली जाणार नाही." क्लिपचा उपयोग शिस्त समितीला धक्काबुक्की कोणी केली ते पाहण्यासाठी, किंवा कार्ड चुकीच्या खेळाडूला गेलं असेल तर ओळख पटवण्यासाठी.

रेफरींना अहवालाचा कोरा कागद द्या: मिनिट, नंबर, किती अंतरावरून, कोणासमोर, आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, कोकणी असतील तर कोकणीत. "अर्वाच्य बोलला" एवढंच लिहिलं की समितीपुढे खेळाडू म्हणतो मी फक्त विचारलं, आणि प्रकरण तिथेच पडतं.

मेरेवरचा
आयोजकांच्या कामाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मानधन पाकिटात, सामना सुरू व्हायच्या आधी. निकालानंतर द्यायचं ठेवलं तर हरलेला संघ "आता कशाला देता" म्हणून टेबलाभोवती उभा राहतो. रेफरी खेळणाऱ्या दोन गावांतला नको, आणि लाइनमन तर मुळीच नको. रेफरींना बसायला वेगळी जागा द्या, एखाद्या घराचा सोपा (व्हरांडा) चालेल, दोन्ही संघांच्या सामानापासून लांब. पाणी तिथेच.

मेरेवरच्या प्रेक्षकांसाठी टचलाइनपासून किमान दोन मीटरवर दोरी बांधा, तीन मिळाले तर उत्तम. लाइनमन त्या पट्ट्यातून धावतो. दोरी नसली की लोकांचे पाय लाइनीवर येतात, लाइनमन मैदानाच्या आत सरकतो, ऑफसाइडची रेघ चुकते, आणि त्या चुकीची शिवी त्यालाच मिळते.

शेवटची शिट्टी झाल्यावर तिघा अधिकाऱ्यांनी मध्यावर एकत्र यायचं, दोन्ही कर्णधारांनी तिथे जाऊन हात मिळवायचा आणि सोप्यापर्यंत सोबत चालायचं. दोन स्वयंसेवक मागे. त्यांच्या गाड्या सकाळीच रस्त्याकडे तोंड करून लावून घ्या.