प्रति: छान बोलली तरी टीम हरली कशी?

वर विचारलंय की मुलगी इतकी छान बोलली तरी जजने समोरच्या टीमला कसं जिंकवलं. मी इथे अमेरिकेत मुलाच्या शाळेकडून पॉलिसी डिबेटला (सरकारी धोरणावर दोन टीमचा वादविवाद) जज म्हणून जाते म्हणून सांगते, छान बोलण्याचे स्पीकर पॉइंट्स वेगळे असतात, ३० पैकी, आणि कमी पॉइंट्सवाली टीमसुद्धा राउंड जिंकू शकते.

निकाल लागतो तो फ्लोवर. म्हणजे जजच्या नोंदींच्या कागदावर प्रत्येक भाषणाला एक उभा रकाना, ८ मिनिटांची चार कन्स्ट्रक्टिव्ह (मुद्दे मांडायची भाषणं), ५ मिनिटांची चार रिबटल (खंडनाची भाषणं), आणि प्रत्येक मुद्द्याचं उत्तर त्याच्या शेजारीच लिहायचं. मी दोन टीमसाठी दोन रंगांची पेनं वापरते. एकदा निगेटिव्हने, म्हणजे विरोधातल्या टीमने, मांडलं की या प्लॅनच्या खर्चामुळे दुसरा महत्त्वाचा कायदा अडकेल, अफर्मेटिव्हने, म्हणजे प्लॅन मांडणाऱ्या टीमने, त्याला हातच लावला नाही, माझ्या कागदावर तिथली त्यांच्या निळ्या पेनची जागा शेवटपर्यंत कोरी. मला स्वतःला तो मुद्दा पटला नव्हता, पण उत्तर मीच मनातल्या मनात भरलं तर मग तो मुलांचा राउंड राहतच नाही ना. मत निगेटिव्हला दिलं.

आणि तिला सांगा, राउंडच्या आधी टॅबरूम या डिबेटच्या वेबसाइटवर जजचं पॅराडाइम (आपण निकाल कसा देतो ते जजने लिहिलेलं असतं) वाचत जा, सगळ्यांना स्प्रेडिंगचा, म्हणजे खूप भराभर बोलण्याचा, तो स्पीड झेपत नाही, मी दोनदा 'क्लिअर' (स्पष्ट बोला) म्हणते, तरी नाही कळलं तर जे लिहिता आलं नाही ते मी धरत नाही. बॅलट, म्हणजे जजचं निकालपत्र, आलं असेल तर त्यात निकालाचं कारण बघा, मत कुठल्या मुद्द्यावर गेलं ते बहुतेक तिथेच सापडेल.