फाफे ‘दादा’ झाला, मग बालचित्रपट कुणाचा?

पुस्तककिडा

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका मित्राने लांबलचक पोस्ट टाकली. मथितार्थ असा, की मुलांच्या हातात जुनी पुस्तकं कोंबू नका, सरळ २०१७चा ‘फास्टर फेणे’ दाखवा; फास्टर फेणेची, म्हणजे आपल्या फाफेची, पुस्तकं लिहिणारे भा. रा. भागवत आज असते तर त्यांनी तो असाच लिहिला असता. मराठीत सहकुटुंब बघावा असा बालचित्रपट हाच. खाली अंगठ्यांची रांग. तिथे भांडलो असतो तर गेट-टुगेदरला शेजारी कुणी बसलं नसतं, म्हणून इथे लिहितोय.

सिनेमा वाईट नाही. फाफे झालेला अमेय वाघ पळतो झकास, गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा अंगावर येतो. पण बालचित्रपट? वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला घोटाळा, त्यात एका परीक्षार्थीचा जीव जातो. आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी अर्ध्या तासाने विचारलं, “बाबा, फास्टर फेणे कधी येणार?” म्हटलं, अरे तो काय! तर म्हणे, “तो तर दादा आहे.”

पुस्तकातला फाफे म्हणजे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला आलेला, राम वाईरकरांनी चित्रांत काढलेला तो किडकिडीत बनेश फेणे. मोठ्यांना सांगून ती ऐकत नाहीत, म्हणून पोरगं स्वतःच सायकलवर टांग मारतं. त्याला विशीत नेलंत की उरतो एक चलाख तरुण. असले तरुण आपल्या पडद्यावर पैशाला पासरी आहेत.

सडेतोड_सुमन

झालं का सुरू? ‘आमच्या लहानपणी’ विभागात हलवा हा धागा.

फाफे म्हणजे काय बडबडगीत होतं का हो? चीनच्या लढाईत नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, पोचलेला पोरगा आहे तो. विमानचोरांशी भिडलाय, चक्रीवादळात घुसलाय. भा. रां.नी त्या त्या काळातल्या बातम्याच उचलल्या. आजची बातमी परीक्षाघोटाळ्याची आहे, ती सिनेमा लिहिणाऱ्या क्षितिज पटवर्धनने उचलली. तुमच्या मित्राचं काय चुकलं?

आणि खरं मूल घेऊन केलेला सिनेमा हवा होता ना? २००९ साली ‘बोक्या सातबंडे’ आला होता. किती जण गेलात थेटरात? मी दोन भाच्यांना घेऊन गेले होते. दुपारचा शो. आम्ही तिघं आणि मागच्या रांगेत एसीला झोपलेले एक गृहस्थ. मध्यंतरात पॉपकॉर्नवाल्याने आम्हालाच विचारलं, “सुरू आहे ना पिक्चर?” तुम्ही लोक पुस्तकांवर अश्रू ढाळता, तिकीट काढत नाही.

पुस्तककिडा

मी गेलो होतो. तिकीट जपून ठेवलेलं नाही, क्षमस्व.

बोक्याचं नाव काढलंत ते बरं झालं. त्या बोक्याला जन्म दिला दिलीप प्रभावळकरांनी, आणि फाफेच्या सिनेमात भा. रा. भागवत झालेत तेच. दोन पोरांचा बाप सेटवर हजर, आणि हिरो म्हणून पोरगं काही कुणाला सुचलं नाही!

आजोबा_ऑनलाइन

दोघेही मुद्द्यावरून घसरताय. प्रश्न सायकलचा आहे.

१९७४ साली मी अकरा वर्षांचा. वडिलांची चोवीस इंची सायकल, पाय पोचत नाहीत म्हणून नळीखालून पाय घालून चालवायची. तशी ती सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत नेली. घरी सांगितलं नव्हतं. परतताना धायरीपाशी चेन उतरली. एका दूधवाल्याने बसवून दिली आणि वर कानाखाली एक दिली, ‘घरी जा’ म्हणून. घरी पोचेपर्यंत हात काळे, गाल लाल.

आज माझी नात दहा वर्षांची आहे, तिला लिफ्टने एकटीला खाली जायची परवानगी नाही. आता त्या वयाचा पोरगा पडद्यावर स्वारगेटच्या चौकात एकटा सायकल मारताना दाखवलात, तर चोर राहिले बाजूला, थेटरातल्या आया किंचाळतील. दिग्दर्शकाने वय वाढवलं त्याला दुसरा काय इलाज होता?

पुस्तककिडा

काका, हा मुद्दा पटला, असं मी अजिबात म्हणणार नाही. पण सायकलचा किस्सा मस्त.

मंतरवाडीचा_मुक्काम

मघापासून वाचतोय आन् हसू येतंय. फुरसुंगी, फुरसुंगी करताय सगळे. शेवटचं कधी आला होता कुणी?

मी फुरसुंगीचा. शाळेत असताना पुण्यातली पाव्हणी म्हणायची, “अय्या, फास्टर फेणेचं गाव!” आता गावाचं नाव सांगितलं की विचारतात, “कचरा डेपो तिथंच ना?” अख्ख्या पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीत येऊन पडला. डोंगर झाला त्याचा, नुसता डोंगर. उन्हाळ्यात धुमसायचा. जेवायला बसलं की एका हाताने घास, दुसऱ्याने माश्या. आमच्या विहिरीचं पाणी चहासारखं झालं, तेव्हा आजी बोलली, “साखर टाका, पुण्याच्या पाव्हण्यांना द्या.”

तुम्हाला फाफेचं वय वाढलं याचं दुःख. त्याच्या गावाचं काय झालं ते ना पुस्तकात, ना सिनेमात.

सडेतोड_सुमन

दादा, वाईट वाटलं, पण हे अवांतर आहे. इथे सिनेमावर चर्चा चालू आहे.

मंतरवाडीचा_मुक्काम

अवांतर कसं? पिक्चर आला ऑक्टोबर २०१७ला. त्याच महिन्यात ११ गावं महापालिकेत घेतली, त्यात आमचं एक. म्हणजे बनेश फेणे पिक्चरात पुण्याला गेला आणि पुणं आमच्याकडं आलं. पुढं आम्हाला आणि उरुळीला परत बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. नवरी पसंत नाही म्हणून माहेरी धाडतात तसं. ह्याच्यावर काढा की पिक्चर.

आजोबा_ऑनलाइन

कचऱ्याचा दोष एकट्या शहराला देऊ नका. तुमच्याकडच्यांनीच गुंठे पाडून जमिनी विकल्या. आम्ही सोसायटीत ओला-सुका वेगळा करतो.

मंतरवाडीचा_मुक्काम

काका, तुमचा तो वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होतो का नाही, कधी गाडीच्या मागं सायकल घेऊन बघा. चोवीस इंची आहेच तुमच्याकडं.

आजोबा_ऑनलाइन

वयाचा मान ठेवून बोलायला शिका.

सडेतोड_सुमन

अहो काका, चेन पुन्हा उतरली वाटतं.

मेलबर्नची_मावशी

भांडण मिटलं असेल तर बोलते. नसेल तरी बोलते.

इथल्या शनिवारच्या मराठी शाळेत मी शिकवते. मुलं घरी इंग्रजीतच. दोन वर्षांपूर्वी मोठ्या वर्गाला हा सिनेमा दाखवला. भाषा निम्मी कळली, पण फाफेचं ते जिभेने काढलेलं ‘ट्टॉक्’ कळलं. पुढचा महिनाभर वर्गात टाळ्याला जीभ लावून नुसतं ट्टॉक् ट्टॉक्, डोकं उठलं. मग ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’ मोठ्याने वाचायला घेतलं. पहिल्या पानावर आठ शब्द अडले, तिसऱ्या पानाला दोन मुलं झोपली. पण एक मुलगी थांबवून म्हणाली, “वेट, तो माझ्याएवढा आहे?” आणि जवळ सरकून बसली.

आता ही गोष्ट कुणाच्या बाजूने मोजायची ते तुम्हीच ठरवा. सिनेमा नसता तर पुस्तक उघडलंच नसतं. आणि सिनेमातला फाफे तिच्याएवढा नव्हता, हेही आहेच.

पुस्तककिडा

अर्थात माझ्या बाजूने. “माझ्याएवढा” हा शब्द फ्रेम करून लावा.

सडेतोड_सुमन

पहिलं अर्धं वाक्य सोयीने गाळलंत, किडेसाहेब. “सिनेमा नसता तर उघडलंच नसतं.”

पुस्तककिडा

बरं बाई. सिनेमा दाराशी आणून सोडतो, इतकं श्रेय दिलं. रिक्षावाल्यालाही देतो.

सडेतोड_सुमन

रिक्षावाला फुरसुंगीला येतो का ते विचारा आधी.

मंतरवाडीचा_मुक्काम

हा हा. नाही येत. परतीचं भाडं मागतो.

खरं सांगू का, मी एकही पुस्तक वाचलेलं नाही. शाळेत पेटी होती पुस्तकांची, तिला कुलूप. किल्ली ज्या गुरुजींकडं, त्यांची बदली झाली. गावचा म्हणून मिरवलं फक्त. पोरगा आता चौथीत आहे. एखादं जुनं असेल तर सांगा, पैसे देतो.

पुस्तककिडा

पैसे राहू द्या. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ दोन आहेत माझ्याकडे. एकाचं पहिलं पान फाटलंय, ते मी ठेवतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मंतरवाडीचा_मुक्काम

करतो. पण कुरिअरवाला शेवटचे दोन किलोमीटर येत नाही. हडपसरला नाक्यावर येऊन घेऊन जाईन.

आजोबा_ऑनलाइन

मी शनिवारी हडपसरला मुलीकडे जातो. माझ्याकडे द्या, पोचवतो. पण कचऱ्यावर बोलायचं नाही.

मंतरवाडीचा_मुक्काम

बघू.