अनुभव धागा: टेस्टमधली पडझड तुम्ही कुठं बघितली, आणि काय वाटलं?

2025 च्या नोव्हेंबरमध्ये गुवाहाटी टेस्टला साउथ आफ्रिकेनं भारताला 408 रन्सनी हरवलं, रन्सच्या हिशोबात आपला आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. तेव्हापासून पार्क चौकात चहाला उभं राहिलं की विषय हाच निघतो. टेस्टमधलं भारताचं पहिलं द्विशतक ज्यानं मारलं (223, हैदराबाद, 1955) तो पॉली उम्रीगर आपल्या सोलापुरात जन्मलेला, म्हणून मला ही पडझड जास्तच लागते. आकडे सगळ्यांना माहितीयत. तुम्ही स्वतः काय बघितलं ते लिहा, स्टेडियममध्ये, टीव्हीवर, कारखान्यात, कुठंही. बॅटिंग आणि बॉलिंग दोन्हीवर लिहा.

पार्कचा प्रेक्षक
मी 2024 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडची पुणे टेस्ट बघायला गहुंज्याला गेलतो. रात्रीच्या गाडीनं निघालो, सोबत डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दुसऱ्या दिवसाचं तिकीट. आदल्या दिवशी वॉशिंग्टन सुंदरनं सात विकेट काढल्यामुळं वाटत होतं आज आपण दिवसभर बॅटिंग करणार. पण न्यूझीलंडचा स्पिनर सँटनर आला आणि सगळं 156 वर आटपलं, त्याच्या एकट्याच्या सात विकेट. कोहलीचा बोल्ड मी समोरून बघितला, खाली आलेला फुलटॉस होता, आडवी बॅट फिरवली आणि स्टंप गेला, पाच सेकंद स्टेडियममध्ये कुणीच काही बोललं नाही. लोक पिचला नावं ठेवत होते पण सँटनर काही हातभर वळवत नव्हता ओ, फक्त स्पीड कमीजास्त करत होता आणि आपले प्रत्येक बॉलला तेवढ्याच घाईनं पुढं जात होते. दुसऱ्या डावात त्यानं आणखी सहा काढल्या आणि मॅच तिसऱ्याच दिवशी संपली. माझ्या चुलतभावाकडं रविवारचं तिकीट होतं, तो सोलापुरातून निघालाच नाही. 2012 नंतर पहिल्यांदा घरात सिरीज गेली, पुढं वानखेडेवर 147 चा पाठलाग करताना 121 वर ऑलआउट, 3-0. त्या दिवसापासून आपल्याकडं आल्यावर समोरचे घाबरायचे बंद झालेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्व भाग
आमचा टॉवेलचा कारखाना आहे, मागाच्या खटखटीत कॉमेंट्री ऐकू येत नाही म्हणून मोबाईल खिडकीत ठेवून नुसता स्कोर बघतो. वडील सांगतात 2001 ला कोलकात्यात लक्ष्मण आणि द्रविड दिवसभर आउट झाले नाहीत तेव्हा कामगार बॉबिन बदलायला उठले की रेडिओला कान लावून यायचे. मी इंग्लंडमधली लीड्स टेस्ट 2025 सांगतो. पाच शतकं, पंतची दोन्ही डावात, आणि तरी हरलो! आधी 430 ला 3 होते, 41 रन्समध्ये सात गेले, परत दुसऱ्या डावात 31 मध्ये सहा. आमच्याकडचा जॉबर (माग दुरुस्त करणारा), वयस्कर माणूस, तेलुगूत पुटपुटत होता, मग मराठीत म्हणला "ह्येंच्या शेपटीला काय झालंय बे, जरा थांबंना की कुणी". शेपूट म्हणजे शेवटचे बॅट्समन. तरी चौथ्या डावात 371 होते, तेवढ्यात अडवायला पायजे होतं. पण कॅच सुटले, आणि पहिल्या डावात पाच काढलेल्या बुमराहला दुसऱ्यात एकही मिळाली नाही तर दुसरीकडून दाब ठेवणारा कुणीच नव्हता, त्यांचा ओपनर डकेट 149 मारून गेला. बॅटिंगवर सगळे तुटून पडतात, मला बॉलिंगची काळजी जास्त वाटते.

पहाटेचा चहा
वरच्या मुद्द्याला धरूनच लिहिते. 5 जानेवारी 2025, सिडनी. सिद्धेश्वरांच्या गड्डा जत्रेचे दिवस जवळ आलेले, घरात पाहुणे, आणि मी नि सासरे पहाटे पाचला टीव्हीसमोर. ऑस्ट्रेलियाला 162 हवे होते. सासरे सारखं विचारत होते "बुमराह कुठाय?" तो पाठ दुखते म्हणून आलाच नाही बॉलिंगला. आख्ख्या सिरीजमध्ये 32 विकेट त्यानं काढल्या होत्या, पर्थला आपण 150 वर आउट होऊनही 295 रन्सनी जिंकलो ते त्याच्यामुळं. एवढं ओझं एका पाठीवर टाकलं की एक ना एक दिवस हे होणारच. सासऱ्यांनी चहा अर्धा ठेवला आणि देवपूजेला उठून गेले, मॅच संपेपर्यंत परत आलेच नाहीत. मला त्या सकाळी बुमराहचं फार वाईट वाटलं, हरल्याचं नंतर.

सात रस्ता
2020 ला ऑस्ट्रेलियात अडलेडला 36 वर ऑलआउट. एकालाही दोन आकडे गाठता आले नाहीत. पण त्यानंतर तीच टीम मेलबर्न आणि ब्रिस्बेन जिंकून आली, म्हणून मी तेव्हा खचलो नव्हतो. 2024 ला न्यूझीलंडविरुद्ध बंगळूरला 46 वर ऑलआउट झालो तेव्हा मात्र खचलो, कारण ते घरात होतं.

ऑफस्टंप
मी पोरांना शिकवतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या. गुवाहाटीच्या आधी साउथ आफ्रिकेविरुद्धच कोलकात्यात 124 करायचे होते, 93 वर गेलो. कॅप्टन गिल मान धरल्यामुळं नव्हता हे मान्य. पण त्याच पिचवर त्यांचा कॅप्टन बावुमानं नाबाद 55 काढले, अख्ख्या मॅचमधली एकमेव फिफ्टी, आणि ती कशी काढली हे मी माझ्या पोरांना मोबाईलवर थांबवून थांबवून दाखवलं: बॉल डोळ्याखाली येऊ द्यायचा, हात सैल, बॅट पॅडच्या पुढं, वळला तर वळला, त्याच्या मागं जायचं नाही. त्यांचा स्पिनर हार्मर काही जादूगार नाही, तो टप्पा सोडत नाही एवढंच. आपल्याच हट्टानं केलेल्या पिचवर त्यानं आठ काढल्या. गुवाहाटीत तर पिच चांगलं होतं, त्यांनी 489 केले, आपण 95 ला 1 वरून 122 ला 7. त्यांचा फास्ट बॉलर यान्सन आखूड टाकतोय हे दिसत असताना एकामागोमाग एक तसेच आउट. त्या डावात सगळ्यात जास्त बॉल कोण खेळला? कुलदीप. 134 बॉल, 19 रन. मी दोन वेळा ते सेशन लावून बघितलं, मला अभिमान वाटला त्याचा. तो थांबू शकतो म्हणजे थांबता येत होतं.

आता आपल्याकडचं सांगतो. आमच्या पोरांना महिनोन् महिने टेनिस बॉलच्या सहा-आठ ओव्हरच्या टुर्नामेंटच मिळतात, डिफेन्स केला की बाहेरून आईबापच ओरडतात "मार की". दोन दिवसांची मॅच ठेवायची म्हणली तर ग्राउंड मिळत नाही, पंच परवडत नाहीत. जानेवारी 2024 ला सोलापुरातल्या पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी झाली तेव्हा मी पोरांना घेऊन गेलो, त्यांनी पहिल्यांदा बघितलं की चांगला बॅट्समन ओव्हरमधले चार बॉल नुसते सोडून देतो. एकजण दुसऱ्या दिवशी नेटमध्ये बाहेरचे बॉल सोडायला लागला. असं बघायला मिळायला पायजे हो त्यांना.

विजापूर वेस
सगळं पटलं पण थोडं दुसऱ्या बाजूनं. ह्याच टीमनं ओव्हलला सहा रन्सनी जिंकून इंग्लंडमध्ये 2-2 केलं, सिराज शेवटच्या सकाळी जीव तोडून टाकत होता. पोरात दम आहे. माझा राग बॅटिंगच्या तीन नंबरच्या जागेवर आहे. कोलकात्यात सुंदर तीनला, पुढच्याच मॅचला साई सुदर्शन तीनला आणि सुंदर थेट आठला. आठला येऊन त्यानं 48 केले, कुलदीपबरोबर 72 ची भागी. द्रविड आणि पुजारा यांनी ती जागा वर्षानुवर्षं धरून ठेवली होती. एकाला निवडा आणि दहा टेस्ट द्या, फेल गेला तरी द्या.