मदत हवी आहे : श्टुटगार्टची नोकरी. आधी मी एकटीने जावं, सगळ्यांनी एकदम जावं, की नकोच?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही अडले म्हणून. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी ४१ वर्षांची. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. एकूण अनुभव १८ वर्षं, त्यातली बहुतेक ॲल्युमिनियम कास्टिंगमध्ये. मागच्या महिन्यात जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. वर्षाला ६८,००० युरो, कायमस्वरूपी करार, पहिले सहा महिने प्रोबेशन, १ ऑक्टोबरला रुजू व्हायचं. हो-नाही कळवायला १९ दिवस उरलेत.

हे डेप्युटेशन नाही. मुद्दाम सांगतेय, कारण घरीदारी सगळे तेच धरून चाललेत. २०१८ मध्ये मी तीन महिने जर्मनीत डेप्युटेशनवर होते. तेव्हा इथला पगार चालू, वर रोजचा भत्ता, राहायची सोय कंपनीची, पीएफ इथेच. परत आले तेव्हा माझ्या टेबलावर माझाच कप होता, फक्त बुरशी आलेला. या खेपेला राजीनामा देऊन जायचं आहे. घर मी शोधायचं, कर मी भरायचा, जमलं नाही तर परतीचं तिकीटही माझंच.

घरची परिस्थिती अशी. नवरा खेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, १६ वर्षं झाली. मुलगी साडेआठ वर्षांची, तिसरीत, त्याच्याच शाळेत (शाळेत बाबांना 'सर' म्हणायची सवय, घरीही कधीकधी तेच तोंडातून निघतं). सासूबाई ७४ वर्षांच्या, राजगुरुनगरला आमच्याजवळच असतात. गुडघे गेलेत, रक्तदाबाची गोळी आहे, डोकं मात्र आम्हा तिघांपेक्षा तल्लख. धाकटे दीर नाशिकला, दोन खोल्यांच्या घरात.

पैशांचं गणित मी मांडलंय. तिथले कॅल्क्युलेटर महिन्याला हातात साधारण ३,९०० युरो दाखवतात. तीन खोल्यांचं घर हीटिंग धरून १,६०० च्या आसपास दिसतंय. म्हणजे चौघांऐवजी तिघं राहिलो तर चालतं, पण इथे लोक समजतात तसा पैशांचा पाऊस काही नाही. आणि नवऱ्याचा इथला पगार बंद होईल तो वेगळाच.

खरी अडचण निराळी आहे. ऑफर आल्याचं सांगितल्यावर एकानेही 'काम काय आहे' विचारलं नाही. सगळ्यांचा पहिला प्रश्न, "मग सरांचं काय?" माझ्या जाऊबाईंच्या भावाला दोन वर्षांपूर्वी दुबईची नोकरी लागली तेव्हा पेढे वाटले होते. त्याच्या बायकोची नोकरी सुटली, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. नवरा स्वतः "तू जा गं, मी बघतो" इतक्या पटकन म्हणाला, की ते मोठ्या मनाने म्हणाला की त्याला हे खरंच वाटत नाहीये, तेच कळेना. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला, "चौथीची शिष्यवृत्ती बघू मग."

विचारायचं ते असं : प्रोबेशन संपेपर्यंत मी एकटीने राहावं आणि मग यांना बोलवावं, हे बरं का? मुलीच्या शाळेचं काय होतं? सासूबाईंना नेता येतं का? आणि नवऱ्याने काय करायचं, राजीनामा की रजा? कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

---

बटाटेभाजी : एवढा पगार मिळतोय तर विचार कसला करताय? बॅग भरा आणि निघा. इथे चाकणच्या ट्रॅफिकमध्ये काय ठेवलंय!

नेकारकाठ : वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा, ताई. ट्रॅफिक इथेही आहे.

मी नऊ वर्षं याच भागात आहे. आधी तुमच्या आकड्यात एक दुरुस्ती. ३,९०० हा आकडा तीन नंबरच्या करवर्गाचा आहे, आणि तो नवरा तुमच्यासोबत इथे राहत असेल तरच मिळतो. नवरा भारतात असेल तर तुम्ही एक नंबरच्या करवर्गात. मग हातात ३,५०० च्या आसपास येतील. मुलांसाठी सरकार महिन्याला अडीचशे युरोच्या वर देतं, तेही मूल इथे असेल तरच. शिवाय दोन घरं चालवायची. एकटीने आधी येणं स्वस्त पडेल असं वाटत असेल तर तसं नाही.

आता शाळा. हे नीट वाचा, कारण आमच्याकडून इथेच चूक झाली. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात (श्टुटगार्ट याच राज्यात येतं) प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते. चौथीच्या मध्यावर शाळा शिफारस देते, की हे मूल गिम्नाझियमला (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) जावं, रेआलशूलेला (मधल्या पातळीची शाळा) की आणखी कुठे. पुढच्या वाटा अगदीच बंद होत नाहीत, पण गाडी कोणत्या रुळावर लागणार ते तिथे बऱ्यापैकी ठरतं. जर्मन न येणाऱ्या मुलांना आधी पूर्वतयारीच्या वर्गात बसवतात. तिथे भाषा शिकवतात, आणि हळूहळू नेहमीच्या वर्गात सोडतात. मुलं भाषा पटकन उचलतात हे खरं. पण वर्गमैत्रिणीशी भांडण्याइतकं जर्मन सहा महिन्यांत येतं, गणितातला शब्दरूप प्रश्न सोडवण्याइतकं यायला दीड-दोन वर्षं लागतात.

तुमची मुलगी तिसरीत आहे. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आली तर तिला शिफारशीआधी सव्वा वर्ष मिळतं. प्रोबेशन संपल्यावर पुढच्या उन्हाळ्यात आली तर सप्टेंबरात थेट चौथी, आणि हाताशी चार-पाच महिने. माझा मुलगा असाच चौथीच्या तोंडावर आला होता. आंतरराष्ट्रीय शाळा आहेत, पण फी वर्षाला वीस हजार युरोच्या घरात जाते. तुमच्या पगारात तो विषय सोडून द्या.

तुम्हाला प्रोबेशन एकीकडे ओढणार आणि शाळा दुसरीकडे. मला विचाराल तर शाळेचं ऐका. मात्र शाळेत तिला एक वर्ष मागे बसवा अशी विनंती करून बघा. साडेआठ वयाला ती पुष्कळदा मान्य होते, आणि मुलाला त्यात काही वाटत नाही. वाटतं ते आपल्यालाच.

लेखिका : करवर्गाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, कंपनीच्या एचआरनेही. धन्यवाद. पण प्रोबेशनमध्येच काढलं तर? तिथल्या वाहन उद्योगात मोठ्या कपातीच्या बातम्या रोज वाचतेय.

नेकारकाठ : भीती खोटी नाही. प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांच्या नोटिशीवर, कारण न देता काढता येतं. सहा महिन्यांनंतर कायद्याचं संरक्षण लागू होतं. कपात झालीच तर कुणाला काढायचं हे ठरवताना सेवेची वर्षं, वय, पदरी किती माणसं आहेत हे बघावं लागतं. नव्या माणसाची बाजू त्यात लंगडीच. नोकरी गेली तर ब्लू कार्डवाल्याला (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्या-कामाचा परवाना) दुसरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. बेकारी भत्त्यासाठी आधी १२ महिने वर्गणी भरलेली असावी लागते. मग मूल असेल तर निव्वळ पगाराच्या ६७ टक्के मिळतात. म्हणजे पहिलं वर्ष तुम्ही दोरीवर आहात. त्या वर्षाचा खर्च भागेल एवढी रक्कम भारतातून घेऊन या, किंवा तिथेच मोडता येईल अशी ठेवा.

मुलाखतीत एक गोष्ट विचारली होती का? ही जागा नवीन निर्माण केलीय की कुणी सोडून गेलंय? सोडून गेलं असेल तर का? नसेल विचारलं तर आता विचारा. ऑफर दिल्यावर असे प्रश्न विचारलेले इथे कुणाला खटकत नाहीत.

परत_सोलापूर : सासूबाईंबद्दल लिहितो. इथे बरेचजण 'आईवडिलांना नेताच येत नाही' असं ठोकून देतात. ते आता पूर्ण खरं नाही. १ मार्च २०२४ नंतर ज्यांना पहिल्यांदा ब्लू कार्ड मिळालं, त्यांच्या आईवडिलांना राहण्याचा परवाना देता येतो, आणि जोडीदार तिथे कायम राहत असेल तर त्याच्या आईवडिलांनाही. पण मेख आरोग्य विम्यात आहे. परवान्यासाठी विमा लागतो. ७४ व्या वर्षी सरकारी विम्यात दार बंद, खासगीवाले एक तर नाही म्हणतात किंवा असा हप्ता सांगतात की फोन ठेवावा. मी आईसाठी दोन वर्षं खटपट केली. कायद्याचं कलम पाठ झालं, विमा मिळाला नाही. आता आम्ही सोलापुरात आहोत. परत आलो त्यामागे तेवढं एकच कारण नव्हतं, पण तेही होतं.

भेटीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस येऊ शकतात. उन्हाळ्यात बोलवा. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, खाली रस्त्यावर चिटपाखरू नसतं, गुडघ्यांमुळे बाहेर पडता येत नाही. आई खिडकीत बसून समोरच्या ट्रॅम मोजायची.

आकडेमोड : भारतातल्या बाजूचं थोडक्यात. निघायचंच असेल तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघा. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याचे त्या आर्थिक वर्षातले भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी भरले तर तो प्राप्तिकरासाठी अनिवासी ठरतो, मग जर्मनीतला पगार इथल्या विवरणपत्रात येत नाही. बचत खातं एनआरओ (अनिवासींसाठीचं खातं) करून घ्या, बँक स्वतःहून करणार नाही. चालू असलेलं पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. जर्मनीत पेन्शनसाठी पगारातून ९.३ टक्के कापले जातात. पाच वर्षांच्या आत कायमचे परत आलात तर दोन वर्षं थांबून तुमचा वाटा परत मागता येतो. ६० महिने भरले तर परतावा नाही, पण म्हातारपणी पेन्शन भारतात घेता येते.

दुपारची_शाळा : इतका वेळ वाचत होतो. 'सरांचं काय' याचं उत्तर द्यायला बहुधा मीच योग्य, कारण मी तो 'सर' आहे.

जळगावकडे कॉलेजात शिकवत होतो. २०१९ मध्ये बायकोला मानहाइमला नोकरी लागली. मी राजीनामा दिला आणि मागून आलो. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा असते, भाषेची परीक्षाही आधी द्यावी लागत नाही. कागदावर सगळं सोपं आहे. पण ज्याची सगळी रोजीरोटी बोलण्यावर, त्याला बोलताच येत नाही अशी ती अवस्था. पहिले आठ महिने मी स्वयंपाक शिकलो, धाकट्याला बालवाडीत सोडलं आणि भारतातून फोन आला की 'सध्या संशोधन चाललंय' असं सांगितलं. कसलं संशोधन? बेकिंग पावडरला काय म्हणतात याचं.

एक दिवस कुठल्याशा अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात बायकोने 'गृहिणी'चं पुल्लिंगी रूप लिहिलं. चूक काहीच नव्हती. मी मात्र तीन दिवस बोललो नाही. हे लिहायला आज लाज वाटत नाही, तेव्हा मान्य केलं नसतं.

जर्मनच्या बी-१ पातळीपर्यंत (रोजचे व्यवहार निभावण्याइतकी भाषा) जायला मला चौदा महिने लागले. आता एका प्राथमिक शाळेत दुपारच्या वेळेत मुलं सांभाळतो, त्यांचा गृहपाठ करून घेतो. पगार बेताचा आहे. शिक्षक म्हणून पूर्ण मान्यता मिळवणं अजून लांबच आहे, बहुतेक होणार नाही. मुलं मला नावाने हाक मारतात, ती सवय व्हायला वेळ गेला. समाधानी आहे का? मंगळवारी असतो, गुरुवारी नसतो.

तर ताई, तुमच्या यजमानांना तीन गोष्टी सांगा. राजीनामा अजिबात द्यायचा नाही, असाधारण रजेचा अर्ज करायचा, जिल्हा परिषदेकडून लेखी उत्तर घ्यायचं आणि मगच तिकीट काढायचं. दुसरं, आजपासून जर्मन सुरू. पुण्यात मॅक्समुलर भवन आहे, ऑनलाइन वर्गही असतात. ए-१ (सगळ्यात पहिली पातळी) भारतात झालं तर इथले पहिले सहा महिने वाचतात. आणि तिसरं, 'तू जा, मी बघतो' हे वाक्य मीही म्हणालो होतो. त्याचा अर्थ 'मला भीती वाटतेय, पण तुला अडवायचं नाही' असा होता. त्यांचा वेगळा असू शकेल. विचारा.

बटाटेभाजी : सर, माझा प्रतिसाद मागे घेतो.

लेखिका : सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण घरात बोलणी चालू होती.

नवऱ्याला 'दुपारची_शाळा' यांचा प्रतिसाद वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला आणि विचारलं, "बेकिंग पावडरला काय म्हणतात?" मग रात्री दीडपर्यंत बोललो. त्याची भीती भाषेची नव्हतीच. चार वर्षांनी वीस वर्षांची सेवा पूर्ण झाली असती, मग स्वेच्छानिवृत्तीचा विचार तरी करता आला असता, हे तो मनात धरून बसला होता आणि मला बोलला नव्हता. रजेचा अर्ज सोमवारी देतोय. ती मिळेल का आणि किती, यावर पुढचं.

सासूबाईंना आम्ही दोघांनी मिळून काही सांगायच्या आधीच त्यांनी नाशिकला फोन करून ठेवला होता. दीर राजगुरुनगरच्या घरी राहायला येणार नाहीत, पण सासूबाई हिवाळा नाशिकला आणि बाकीचे महिने इथे, अशी वाटणी त्यांनी स्वतःच करून टाकली. इथे असताना रात्री सोबतीला शेजारच्या काकू झोपायला येतील. हे किती दिवस निभेल, मला शंका आहे. त्यांना मात्र नाही. म्हणाल्या, "मला खिडकीत बसवून ट्रॅम मोजायला नेऊ नका म्हणजे झालं." म्हणजे धागा त्यांनीही वाचला.

कंपनीला विचारलं. जागा निवृत्तीमुळे रिकामी झालीय, आणि ते गृहस्थ महिनाभर माझ्यासोबत असणार आहेत, हे ऐकून जरा बरं वाटलं. पहिल्या तीन महिन्यांसाठी सामानासह घर द्याल का, असंही लिहिलंय. उत्तर यायचंय.

सध्याचा बेत असा, की मी सप्टेंबरात जायचं, नवरा आणि मुलीने दिवाळीनंतर यायचं. व्हिसाचे अर्ज मात्र तिघांचे एकत्रच टाकायचे. उत्तर द्यायला अजून अकरा दिवस आहेत, तेव्हा पक्कं काहीच नाही.

एक शेवटचं. मुलगी मराठी माध्यमातली आहे. दाखला, प्रगतिपुस्तक यांचं जर्मन भाषांतर पुण्यात करून न्यावं की तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून? तिथले मराठीतून करून देतात का, की आधी इंग्रजी करावं लागेल? कुणी केलं असेल तर सांगा.