गुळाचा पाक आणि पहिला हॅम : घरी हॅम केला असेल तर अनुभव लिहा

सांजवात
काल तिळाच्या वड्यांसाठी गुळाचा पाक चढवला होता. मध्येच फोन आला, दोन मिनिटं दुर्लक्ष झालं आणि पाक जरा पुढे गेला. करपायच्या किंचित अलीकडचा तो वास नाकात शिरला आणि मी थेट डेट्रॉइटजवळच्या आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात जाऊन पोचले.

डिसेंबर २००८. गाड्यांच्या कंपन्या डबघाईला आलेल्या, यांच्या ऑफिसात दर शुक्रवारी कुणाच्या तरी हातात नारळ. घरात दोघंही एकमेकांशी हळू आवाजात बोलायचो. शेजारी एक आजी एकट्या राहायच्या, त्यांचे यजमान उभी हयात गाड्यांच्या कारखान्यात होते. त्यांनी २४ तारखेला सकाळी दार वाजवलं आणि म्हणाल्या, माझा मुलगा बर्फामुळे येत नाही, नऊ पाउंडांचा हॅम एकटीने काय करू, तू ये मदतीला.

हॅम म्हणजे मिठात मुरवलेली डुकराची मांडी, आणि तोवर मी डुकराचं मांस हातात धरलंही नव्हतं. आजींनी ते धूड कापलेली बाजू खाली करून ट्रेमध्ये बसवलं, तळाला कपभर सफरचंदाचा रस ओतला, वरून फॉइल गच्च बांधलं आणि ३२५ फॅरनहाइटला ओव्हनमध्ये ढकललं. म्हणाल्या, हा आधीच शिजवलेला आणि धुरी दिलेला असतो. आपण फक्त गरम करायचा, वाळू द्यायचा नाही. पाउंडाला साधारण १२ मिनिटं. तो मधल्या हाडाभोवती सलग गोल चकत्यांत कापलेला होता. ते कापायचं यंत्र आमच्याच गावच्या हॅरी होन्सेलार यांनी काढलं, हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की मला अजून आठवतंय. १९५२ चं पेटंट आणि १९५७ मध्ये डेट्रॉइटलाच त्यांचं पहिलं दुकान.

मग छोट्या पातेल्यात एक कप ब्राऊन शुगर, अर्धा कप मध, दोन चमचे मस्टर्ड, दोन चमचे सायडर व्हिनेगर आणि लवंगेची चिमूटभर पूड. उकळी आल्यावर आजी बशीवर थेंब टाकून बशी तिरकी करून बघत होत्या. मी न राहवून तो थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं लांब केली. बारीक तार आली. म्हटलं, आमच्याकडे असं बघतात, याला एकतारी म्हणतात. आजींनी चष्मा वर केला, स्वतःची बोटं बुडवली, तार ओढली आणि ती तुटेपर्यंत बघत राहिल्या. पुढची सहा वर्षं दर नाताळला त्या मला फोनवर विचारायच्या, "एक तार की दोन?"

शेवटच्या पंचवीस मिनिटांत फॉइल काढून तीनदा तो पाक ब्रशने लावला. चकत्यांच्या कडा तांबूस होऊन वर वळल्या, ट्रेच्या कोपऱ्यात पाक बुडबुडत होता आणि घरभर तोच वास, कालचा.

आजी आता नाहीत. आमची नोकरी त्या वेळी टिकली. तुम्ही कुणी घरी केला असेल तर लिहा. जमलेला, फसलेला, कसाही.

गवतीचहा
सांजवातताई, तार तुटेपर्यंत बघत राहिल्या हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. कुकर लावून वाचत होते, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
माझा फसलेला. ग्लेझ, म्हणजे वरून लावायचा तो गोड पाक, सुरुवातीलाच लावलं आणि पावणेदोन तास ठेवला. साखर ती, कोळसा झाला वरून. धुराचा अलार्म ओरडायला लागला, पाहुणे दारात. सासूबाई भारतातून आलेल्या, त्यांनी शांतपणे सुरी घेतली, वरचा थर खरवडला आणि म्हणाल्या, आत चांगला आहे गं, वाढ. स्वतः कट्टर शाकाहारी. त्या दिवसापासून आमचं नातंच बदललं.

तिसरीशिट्टी
हाडाच्या टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी असते, पिशवीला हाड टोचू नये म्हणून. ती काढा!!! पहिल्यांदा करणाऱ्यांना ती दिसतच नाही, हाडाच्याच रंगाची वाटते. आमची ओव्हनमध्ये वितळली आणि सगळा हॅम टाकावा लागला. ७ डॉलर पाउंड होता तो.

रानजाई
@तिसरीशिट्टी अगं बाई, मी पाच वर्षं करतेय, मला आज कळतंय. आत्ताच जाऊन फ्रीजमधला बघितला. आहे टोपी.

कारवारीमीठ
आम्ही व्हर्जिनियात. नवीन असताना दुकानात कापडी पिशवीत टांगलेला हॅम दिसला. वाटलं हाच तो. तो निघाला कंट्री हॅम, म्हणजे कोरड्या मिठात मुरवून महिनोन्महिने टांगलेला. सरळ ओव्हनमध्ये घातला, वर मध-मोहरी. पहिला घास घेतला आणि नवऱ्याने तांब्याभर पाणी प्यायलं. आपलं सुकं खारं जसं भिजवून घेतो तसा हा एक-दोन दिवस पाण्यात ठेवायचा, पाणी बदलत राहायचं, मग मंद उकडायचा आणि मग गोड थर. खायचा पण कागदासारखा पातळ कापून.
इथल्या स्मिथफील्ड गावाचा तर १९२६ पासून कायदाच आहे, गावाच्या हद्दीत मुरवलेल्यालाच स्मिथफील्ड हॅम म्हणायचं. पूर्वी शेंगदाण्यावर पोसलेलीच डुकरं लागत. मला हे फार आवडतं. आपल्या गावच्या चवीसाठी लोक विधानसभेपर्यंत जातात.

उंबरठा
कारवारीमीठ, खाऱ्याचं नाव काढलंत. वेंगुर्ल्याहून मागवते मी सुका बांगडा, तुम्ही कुठून आणता तिकडे?

कारवारीमीठ
@उंबरठा येताना बॅगेत. तीन पिशव्या एकात एक. तरी कपड्यांना वास येतोच.

पाणवठा
लीड्स, इंग्लंड. इकडे ख्रिसमसला कच्चा, फक्त मिठात मुरवलेला तुकडा मिळतो त्याला गॅमन म्हणतात, शिजला की हॅम. माझी पद्धत: गार पाण्यात एक उकळी, ते पाणी टाकून द्यायचं, मग नवीन पाण्यात कांदा, मिरी, तमालपत्र घालून किलोला साधारण पाऊण-एक तास मंद आचेवर. इथले बरेच लोक पाण्याऐवजी कोकाकोलासारख्या पेयात उकडतात. मलाही विचित्र वाटलं होतं, पण मीठ आणि ती गोडी छान जमतात. नंतर कातडी सोलायची, चरबीचा थर मात्र ठेवायचा. त्यावर सुरीने शंकरपाळ्यांसारखे तिरके छेद द्यायचे, दर चौकोनात एक लवंग. मुलगी लवंगा टोचायला बसते, तेवढा अर्धा तास घरात शांतता.
बाकी मग लिहिते, तिला ताप आहे आज.

गवतीचहा
@पाणवठा काळजी घे गं. तुळस-आलं दे.

शंकरपाळी
माझ्या नावाचा उपयोग झाला बघून आनंद झाला :)

दगडीचाळ
एक शंका. मांस १४५ फॅरनहाइटपर्यंत तापवायचं असं वाचलंय, कुठे १४० लिहिलंय. नक्की काय? वडिलांचं वय ७८ आहे, त्यांना द्यायचाय म्हणून विचारतोय.

सांजवात
@दगडीचाळ दादा, दोन्ही बरोबर. पाकिटावर पूर्ण शिजवलेला असं लिहिलेला, कंपनीतून सीलबंद आलेला असेल तर १४० पुरे, तो नुसता गरम करायचाय. शिजवायचा बाकी आहे असं लिहिलं असेल तर १४५ आणि बाहेर काढून ३ मिनिटं थांबायचं. उरलेला दुसऱ्या दिवशी परत गरम करताना १६५. थर्मामीटर मधल्या जाड भागात खुपसा, हाडाला टेकवू नका, हाड जास्त तापतं. आणि तुमच्या वडिलांना मीठ चालतं ना ते डॉक्टरांना विचारा आधी, यात ते बरंच असतं.

दगडीचाळ
धन्यवाद ताई. पाकिट बघतो.

रानजाई
पाकिट बघताना आणखी एक. 'हॅम', 'हॅम विथ नॅचरल ज्यूसेस', 'वॉटर ॲडेड' असे प्रकार असतात अमेरिकेत, प्रथिनांच्या प्रमाणावर ठरतं. पाणी भरलेला स्वस्त पडतो पण ओव्हनमध्ये सगळं पाणी सुटतं आणि ग्लेझ धरतच नाही, खाली वाहून जातं. मी तीन नाताळ स्वतःला दोष देत होते.

वसईचावारा
आमच्याकडे नाताळात हॅम कधीच नव्हता. सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण), फुगे (तळलेले पावासारखे गोळे), केळीच्या पानात बांधलेलं काही ना काही. पण मोठे मामा जहाजावर होते. एका वर्षी त्यांनी पेअरच्या आकाराचा टिनचा डबा आणला, बाजूला चावी चिकटवलेली, ती फिरवत पत्र्याची पट्टी गुंडाळत उघडायचा. आत गुलाबी हॅम आणि भोवती थरथरणारी जेली. आम्ही अकरा भावंडं, चुलत-मामे धरून, भोवती कोंडाळं करून उभे.
आईला कुणी ग्लेझ सांगितलं असणार. तिने बिडाच्या तव्यावर साखर टाकली, ती बदामी झाल्यावर घरचं व्हिनेगर शिंपडलं, चार लवंगा, आणि त्यात जाड काप दोन्ही बाजूंनी परतले. व्हिनेगर पडल्याबरोबर चर्र झालेलं आणि डोळ्यांना झोंबलेलं आठवतंय. प्रत्येकाला आगपेटीएवढा तुकडा आला. जेली आजीने घेतली, दात नव्हते म्हणून.
आता बोरिवलीच्या कोल्ड स्टोरेजमधून अख्खा आणू शकतो. पण तव्यावरच करतो.

उंबरठा
वसईचावारा, किती सुंदर. जेली आजीने घेतली. थांबले तिथे.

बाभूळबन
घरी कुणाला सांगितलंय का हा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून विचारतो. माझ्या आईला अजून माहीत नाही. नऊ वर्षं झाली इथे. व्हिडिओ कॉलवर मागे टेबलावर दिसला तर मी सांगितलं, पाव आहे. मनाला लागतं ते. खाण्याचं नाही, खोटं बोललेलं.

गवतीचहा
@बाभूळबन सांगून बघा कधीतरी. मी घाबरत घाबरत सांगितलं तेव्हा आई म्हणाली, पोट भरतंय ना तिकडे. वडील मात्र महिनाभर नीट बोलले नाहीत. मग बोलले.

हिमवाट
स्वीडनमध्ये गोड पाक नसतो, त्याऐवजी गोडसर मोहरी. उकडलेल्या हॅमची कातडी काढून वर अंडं, मोहरी, साखर एकत्र फेटून लावतात, पावाचा चुरा दाबतात आणि कडक ओव्हनमध्ये सोनेरी करतात. उकडलेलं पाणी फेकत नाहीत. त्यात पाव बुडवून खातात, सगळं घर पातेल्याभोवती उभं. मला ते बघून पहिल्यांदा मिसळीच्या कटाची आठवण झाली आणि रडूच आलं. बाहेर तीन वाजताच अंधार होता.

माठातलंपाणी
ताजा अननस कुणी लावू नका. मी रात्रभर ताज्या अननसाच्या रसात ठेवला, सकाळी वरचं मांस बोटाने उकरलं जात होतं, पिठल्यासारखं. त्यात ब्रोमेलेन असतं, ते प्रथिनं तोडतं. डब्यातला चालतो, तो तापवलेला असतो, त्यामुळे ते निकामी होतं. जुन्या फोटोंत ते अननसाचे गोल आणि मध्ये लाल चेरी असते ना, ते डब्यातलेच.

बेळगावीलोणी
आमच्याकडे चालत नाही पण वाचायला मजा येतेय. सांजवातताईंचं ग्लेझ रताळ्यांच्या जाड चकत्यांना लावून बघणार एकादशीला. मोहरी चालेल का उपासाला?

शंकरपाळी
@बेळगावीलोणी मोहरी नाही चालत आमच्यात. मिरपूड घाला आणि व्हिनेगरऐवजी लिंबू.

तिसरीशिट्टी
आणखी एक, हॅमच्या चकतीवर हिरवट-जांभळी चमक दिसली तर घाबरू नका. पेट्रोल सांडल्यावर रस्त्यावर दिसते तशी. मांसाचे तंतू आडवे कापले की त्यावरून प्रकाश तसा परततो. वास आंबट किंवा हात चिकट होत असेल तर मात्र टाकायचा. आईने दोनदा चांगला हॅम टाकलाय या चमकेपायी.

माठातलंपाणी
आणि हाड? हाड टाकता का तुम्ही लोक?

कोरडवाहू
हाड टाकायचं नाही!! टेक्सासमधून लिहितोय. इथे दक्षिणेकडे १ जानेवारीला चवळी खातात, वर्ष चांगलं जातं म्हणून, आणि ती हॅमच्या हाडाबरोबरच शिजवतात. मी पहिल्यांदा ऑफिसात खाल्ली आणि सरळ विचारलं, ही आमची चवळी तुमच्याकडे कशी? आता बायको करते: हाड आणि भिजवलेली चवळी एकत्र दोन तास मंद आचेवर, वरून लसूण-सुक्या मिरचीची फोडणी. मीठ सगळ्यात शेवटी, हाडातच भरपूर असतं. हाडाला चिकटलेलं मांस आपोआप सुटतं, त्यावरचा गोड पाक रश्शात उतरतो. गरम भाकरी. अजून काही नको.
फक्त शिजलेलं हाड कुत्र्याला घालू नका, तुकडे होऊन घशात अडकतात. आमच्या मोतीला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. वाचला.

सांजवात
कोरडवाहू दादा, चवळी करणार, नक्की. मोती बरा आहे ना आता?

सगळ्यांचं वाचतेय, मध्ये मध्ये उठून वड्याही थापतेय. एक सांगायचं राहिलं. गेल्या तीन वर्षांपासून ब्राऊन शुगरऐवजी आईने पाठवलेला साखरांबा वापरते. कैरीच्या फोडी चमच्याने जरा ठेचायच्या, मोहरी लाटण्याने भरडून घालायची, बाकी तेच. कैरीचा आंबटपणा असतो म्हणून व्हिनेगर अर्धंच. फोडी चकत्यांच्या फटीत जाऊन बसतात आणि कडेला चिकी होते.

पाणवठा
ताप उतरला तिचा. सांजवात, साखरांब्यात वेलची असते ना? ती लागते का हॅमला?

सांजवात
@पाणवठा बरं झालं गं बाई. वेलची नको, आईला मी आता हॅमसाठीची बरणी वेगळी, वेलची न घालता करायला सांगते. ती करते. बरणीवर चिठ्ठी लावते, 'तिकडचा'.