तिसऱ्यांचा अर्क: एमटीटीचे आकडे जुळत नाहीत

खाडीकाठ: वर्सोव्याच्या बाजारातल्या तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) मांसाचा मिथेनॉलमध्ये अर्क काढून एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर एमटीटी लावली, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी. २०० मायक्रोग्रॅम/मिलीला पेशी मरतात, पण तुलनेसाठी घेतलेल्या उंदराच्या एल९२९ पेशीही तितक्याच मरतात. ५० ला तर जिवंत पेशी ११५ टक्के दिसतात. अर्कात दम आहे की चाचणीतच घोळ?

दर्या: डीएमएसओ या द्रावकातला अर्काचा स्टॉक (मूळचं घट्ट द्रावण) किती मिग्रॅ/मिलीचा? २० चा असेल तर २०० ला डीएमएसओच १ टक्का होतो. जास्त झाला की तो स्वतःच पेशींना बाधतो, म्हणून ०.५ च्या आत हवा, आणि कंट्रोलसकट (अर्क न घातलेल्या) सगळ्या वेल्समध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यांमध्ये, सारखाच.

अर्कात आलेलं मीठही बघा. २०० मायक्रोग्रॅम मिठाने पेशी मरत नाहीत, पण अर्काचं वजन फुगतं आणि तुमचे २०० खरे २०० राहत नाहीत. अर्क पाण्यात विरघळवून एचपी-२० या रेझिनच्या कॉलमवर चढवा, पाण्याने भरपूर धुवा, मग मिथेनॉलने उतरवा. फार ध्रुवीय घटक पाण्याबरोबर जातील, म्हणून ते पाणी फेकू नका.

पेट्रीडिश: ११५ टक्के बहुतेक अर्काचीच करणी. ग्लुटाथायोनसारखे थायॉल (गंधकयुक्त संयुगं) पेशींशिवायही एमटीटी जांभळं करतात. पेशी नसलेल्या वेल्समध्ये माध्यम, अर्क आणि एमटीटी घालून ५७० नॅनोमीटरला रंग मोजा. रंग आला, तर एमटीटी घालण्याआधी अर्काचं माध्यम काढून पेशी पीबीएस या खारट बफरने धुवा. एसआरबी, म्हणजे पेशींमधली प्रथिनं रंगवून मोजायची चाचणी, लावलीत तर उत्तम: थंड टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल) शेवटी १० टक्के होईल इतकं घालून ४ अंशांवर तासभर, मग ०.४ टक्के रंग, १ टक्का ॲसेटिक आम्लाने धुणं. धुताना हात सैल सोडलात की वेलच्या कडेला गुलाबी कडं राहतं आणि आकडा चढतो.

शिंपला: दोन्ही पेशी सारख्याच मरतात, ही मला सर्वांत मोठी खूण वाटते. तिसऱ्या पाणी गाळून खातात. शैवालांचं विष ओकाडाइक आम्ल, कॅडमियम, तांबं अंगात साठतं. ओकाडाइक आम्ल पेशीतलं पीपी२ए हे एन्झाइम रोखतं आणि नॅनोमोलर मात्रेतही कुठलीही पेशी मारू शकतं. जिवंत तिसऱ्या गाळलेल्या स्वच्छ समुद्राच्या पाण्यात २४ ते ४८ तास ठेवा. एवढ्याने विष पूर्ण जात नाही, म्हणून काळपट-हिरवी पाचकग्रंथी कापून तिचा अर्क वेगळा काढा. मारकपणा फक्त तिच्यातच निघाला, तर तो तिसरीचा नव्हे, तिच्या खाण्याचा. पेशी मारणारं डोलास्टॅटिन १० डोलाबेला या समुद्रसशात (एक समुद्री गोगलगाय) सापडलं, पण ते बनवणारा सायनोबॅक्टेरिया निघाला.

खाडीकाठ: स्टॉक २० चाच आहे. ४० चा करून, ग्रंथी वेगळी काढून पुन्हा लावतो.

दर्या: ४० ला गढूळपणा दिसला तर तो स्टॉक वापरू नका, २०० चा बिंदूच सोडा. कच्च्या अर्कात २०-३० मायक्रोग्रॅम/मिलीच्या वरचा आयसी५० (निम्म्या पेशी रोखणारी मात्रा) तसाही फारसा कामाचा नाही.